डोमाभाऊजींचा एकच नग

गेल्या उन्हाळ्यात डोमाभाऊजींना एक नवीन खोड लागली होती. अनोळखी माणसाच्या छातीवर काही छापलेलं दिसलं, की ते नखाने खरवडून पाहायचं. साकोलीच्या बसस्टँडवर एका तरुणाच्या टी-शर्टावर वाघाचं तोंड होतं. भाऊजी सरळ त्याच्यापुढे गेले, वाघाच्या मिशीला नख लावलं आणि विचारलं, "किती खेपा धुतला गा?"

तो इतका गोंधळला, की त्याने खरंच उत्तर दिलं. "आईले माहीत."

आई हजर नव्हती. भाऊजींनी मान हलवली आणि पुढच्या छातीकडे वळले. मी चार पावलं मागे राहून, हे आपले कोणी नाहीत, असा चेहरा करून उभा होतो.

डोमाभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार एकोडी, काम धानाची शेती, आणि स्वभाव प्रत्येक वस्तूची परीक्षा घेण्याचा. "टिकन का?" हा त्यांचा प्रश्न. बॅटरी घ्यायची असली, की ती दुकानदाराच्याच बादलीत बुडवतात. छत्री घेताना टेबलफॅनसमोर उलटी धरतात. माझ्या लग्नात आहेरातलं पातेलं बोटाने वाजवत त्यांनी "टिकन का?" म्हटलं, तेव्हा माझे सासरे शेजारीच उभे होते. प्रश्न पातेल्याबद्दल होता की माझ्याबद्दल, याचा खुलासा सासऱ्यांनी अजून मागितलेला नाही.

माझं साकोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारी वैशालीचं कपड्यांवर छपाईचं. वरातीचे टी-शर्ट, व्हॉलीबॉलच्या जर्सी, गणेश मंडळाचे कुडते, सगळं तिच्याकडे होतं. एके दिवशी भाऊजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुणवंता, शर्टावर छापाचं हाये." मला वाटलं, गावात व्हॉलीबॉलची कुठली टीम निघाली असेल. मी त्यांना वैशालीकडे नेलं.

"किती नग, काकाजी?" तिने विचारलं.

"एक."

"नमुन्याचा एक. मग किती?"

"मंग नाई. एकच."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. एकच तर तुझ्यासमोर बसला आहे, असं मी डोळ्यांनीच सांगितलं. पण पोरगी धीराची. तिने नीट समजावलं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये आधी जाळी बनवावी लागते, एका शर्टासाठी ते परवडत नाही. सब्लिमेशन म्हणून दुसरा प्रकार आहे, तो एकालाही चालतो, पण कापड पॉलिस्टरचं आणि पांढरं लागतं.

"पॉलिस्टरनं उकडते," भाऊजी म्हणाले. "अन् चिखलात पांढरा कायले घालन कोणी?"

"चिखलात?" वैशालीने विचारलं.

भाऊजी छताकडे पाहू लागले. तिथे पाल होती, तिची त्यांनी बरीच पाहणी केली.

मग तिने विनाइल दाखवलं. यात अक्षर कापून गरम दाबाने चिकटवतात. भाऊजींनी नमुना हातात घेऊन असा चोळला, की अक्षराची एक कड उठून आली. त्यांनी तो परत टेबलावर ठेवला. नमुना नापास झाल्याचं वैशालीला कळलं.

"मग डीटीएफ करा काकाजी," ती म्हणाली. "आधी फिल्मवर छापते, त्यावर गोंदाची पावडर टाकून भाजते, मग प्रेसखाली कपड्यावर बसवते. सुती चालते, कोणताही रंग चालते. अन् एकच असला तरी करून देते."

"टिकन का?"

"चांगलं टिकते."

"मंग एक तुकडा दे. पायतो."

तो तुकडा त्यांनी एकोडीला नेला, धानाच्या बांधीतल्या गाळात पुरला, काढला, दगडावर आपटला, उन्हात वाळवला, पुन्हा पुरला. पुढच्या आठवड्यात आले तेव्हा कापडाचं पोतेरं झालं होतं. त्यावरचं फूल मात्र शाबूत होतं. भाऊजी खूश असतील असं मला वाटलं, तर त्यांचा चेहरा काळजीचा.

"टिकते त खरं," ते म्हणाले. "पण छापलं तिथून वारा जात नाई. दिवसभर घालून मी पायलं. छाती वली होते."

तुकडा त्यांनी बनियनवर टाचून घातला होता. त्या फुलासह गावात फिरले होते.

"मग छोट्या अक्षरात करू," वैशाली म्हणाली. "खिशावर."

हे त्यांना पटलं. दोनेक दिवसांनी पिशवीतून शर्ट घेऊन आले. गर्द हिरवा, सुती, पूर्ण बाह्यांचा, गावच्या शिंप्याकडून मुद्दाम शिवलेला. घडी उलगडली तेव्हा मी दुकानाच्या दारातच थबकलो. शर्ट भाऊजींच्या मापाचा नव्हता. त्यांच्या खांद्यात तो शिरलाही नसता.

"काय लिहू?" वैशालीने विचारलं.

भाऊजींनी घसा साफ केला, माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "कौतिका," ते म्हणाले.

माझ्या बहिणीचं नाव. आम्ही भावंडं तिला बाई म्हणतो. एकोडीत ती डोमाची बायको, मग पिंट्याची आई, आता नातवाची आजी. भाऊजी स्वतः "अवं" म्हणतात, तेवढ्यावर त्यांचा संसार झाला. आमच्याकडे धानाच्या रोवणीला बाया लुगड्यावर घरच्या पुरुषाचा जुना शर्ट घालतात. बाईनेही जन्मभर भाऊजींचे विटलेले शर्टच घातले.

"आडनाव लिहायचं?"

"नको. आडनाव माह्यं हाये. नाव तिचं हाये."

वैशालीने अक्षरं पिवळी घेतली. प्रेस उघडला तेव्हा भाऊजींनी नख पुढे केलं नाही. नुसतं पाहत राहिले.

रोवणी सुरू झाल्यावर एका रविवारी मी एकोडीला गेलो. बांधीत बाया ओळीने वाकून धानाची रोपं, म्हणजे परे, लावत होत्या. बाईच्या अंगात हिरवा शर्ट होता, पण उलटा. शिवणी बाहेर, खिसा आत, नाव कुठेच दिसेना. भाऊजी शेताच्या कडेच्या धुऱ्यावर तोंड पाडून बसले होते.

"बाई, शर्ट उलटा झाला," मी म्हणालो.

"मुद्दाम घातला," ती वाकूनच म्हणाली. "इतक्या हौशीचं नाव चिखलात कायले घालू?"

"चिखलासाठीच त बनवलं," भाऊजी धुऱ्यावरून म्हणाले. "गाळात पुरून पायलं मी."

"तुमी पायलं. मले नाई पायाचं."

बाया हसल्या. सकाळी बाईने सगळ्यांना शर्ट सुलटा करून दाखवला होता, हे शेजारणीने मला सांगितलं. आणि मग तीच शेजारीण मागे वळून सहज म्हणाली, "कौतिका, एक पेंडी दे वं इकडे." बाईने पऱ्यांची पेंडी दिली. भाऊजींनी ते ऐकलं. त्यांचे ओठ जरासे हलले, जसे बियाणं तोंडात चावून पाहताना हलतात.

जेवणाची वेळ झाली. बाया हातपाय धुवायला निघाल्या. बाई एकटीच ओळ पुरी करत राहिली. भाऊजी उठले, "अवं" म्हणाले आणि थांबले. इकडे तिकडे पाहिलं. मी घाईने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

"कौतिका," ते हलक्या आवाजात म्हणाले, "जेवून घे."

बाईने मान वर केली नाही. "आयकू आलं," ती म्हणाली, आणि हातातले परे संपवून मगच धुऱ्यावर आली.