आजारी क्रियापदांचं रजिस्टर

एखादी गोष्ट समजली असं केव्हा म्हणावं, याबद्दल विद्वानांत कितीही मतभेद असले, तरी वस्तुसंग्रहालयांत ते नाहीत. तिथे वस्तूला चिठ्ठी लागली की वस्तू समजली. तोवर ते नुसतं फुटकं मडकं असतं. चिठ्ठी लागली की त्याचं 'मृत्पात्र, भग्न, काळ अनिश्चित' होतं, आणि मग त्याच्याकडे बघण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

अशा चिठ्ठ्या लिहिण्यात एका गृहस्थांनी एका मध्यम आकाराच्या वस्तुसंग्रहालयात एकतीस वर्षं काढली. त्यांना सगळे चिठ्ठीसाहेब म्हणत. निवृत्तीच्या आधी त्यांनी हातात घड्याळ घेऊन एक पाहणी केली. तिच्यानुसार, येणारा माणूस चिठ्ठीसमोर सरासरी अकरा सेकंद थांबतो आणि वस्तूसमोर चार. (या चारांपैकी दोन सेकंद काचेत बघून केस नीट करण्यात जातात.) निरोपसमारंभात हे आकडे त्यांनी दोनदा वाचून दाखवले.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना वर्णानुक्रमानं चिठ्ठ्या लावल्या. बायको वाचत न बसता पूर्वीच्याच जागी पूर्वीचीच वस्तू भरत राहिली. त्यामुळे 'साखर' लिहिलेल्या डब्यात मीठ असे, आणि चिठ्ठीसाहेबांनी स्वतः केलेला चहा पाहुणे एकदाच घेत.

त्यांचा मुलगा नोकरीसाठी परमुलखात गेला, तिथेच त्यानं लग्न केलं, आणि आता त्याला पाच वर्षांची मुलगी होती. सुनेची भाषा अरबी. मुलीला मराठीही शिकवायचं मुलाच्या मनात होतं, आणि ते अजून मनातच होतं. दर सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेदहाला फोनच्या पडद्यावर नात दिसे, चिठ्ठीसाहेबांकडे बघून अरबीत काहीतरी बोले, आणि ते हसून मान हलवत. मान हलवण्याचे त्यांनी तीन प्रकार ठरवून घेतले होते. पण कुठला कधी वापरायचा हे कळायला ती काय म्हणाली ते कळणं आवश्यक होतं. नातीशी बोलायचं, एवढी एकच इच्छा आता त्यांना उरली होती. ती अगदी खरी होती. या कथेत तेवढीच एक गोष्ट चेष्टेची नाही.

त्यांनी अरबीच्या वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी प्रत्येकाला आपलं नाव आणि काम अरबीत सांगायला लावलं. बाकीच्यांनी चुका करत सांगितलं आणि हसले. पाया भरण्याआधी बोलणं हा चिठ्ठीसाहेबांना निव्वळ उथळपणा वाटला. त्यांनी वर्ग सोडला आणि एक जाड व्याकरण, चार रंगांची पेनं व लाल कापडी पाठीचं पाचशे पानी रजिस्टर विकत घेतलं. (प्रस्तुत निवेदकाच्या कपाटातही असंच एक रजिस्टर आहे. त्याची पहिली सहा पानं अत्यंत सुवाच्य आहेत.)

भाषेचा कणा क्रियापद, म्हणून सुरुवात क्रियापदांच्या प्रकारांपासून झाली, आणि चिठ्ठीसाहेबांना स्वर्ग दोन बोटं उरला. काळावरून पाहिलं तर मुख्य प्रकार तीन: झालेलं, चाललेलं आणि आज्ञा. चालू असलेलं आणि पुढे होणारं अशा दोघांनाही अरबीत मूळ रूप एकच. हे त्यांना फारसं नवीन वाटलं नाही, कारण त्यांच्या कार्यालयातही 'काम चालू आहे' आणि 'काम होईल' यांत कधी फरक केला जात नसे.

अक्षरांवरून पाहिलं तर बहुतेक क्रियापदं मुळात तीन अक्षरांची, थोडी चार. त्यांच्यावर जादा अक्षरं चढवून, मूळ धरून, नेहमीच्या वापरातले दहा साचे होतात. पण खरी मौज प्रकृतीवरून केलेल्या वाटणीत होती. अरबीत क्रियापदं निरोगी असतात किंवा आजारी, म्हणजे ज्यांतलं 'व' किंवा 'य' अक्षर रूपागणिक बदलतं किंवा गळतं. (ही नावं जुन्या व्याकरणकारांचीच आहेत, निवेदकाला एवढं सुचत नाही.) आजार पहिल्या अक्षराला असतो, मधल्या किंवा शेवटच्या. मधलं अक्षर आजारी असेल तर त्या क्रियापदाला 'पोकळ' म्हणतात. काही बिचाऱ्यांची दोन दोन अक्षरं अंथरुणाला खिळलेली असतात. चिठ्ठीसाहेबांनी निरोग्यांना हिरवं पेन दिलं, आजाऱ्यांना लाल, आणि रोज सकाळी चष्मा पुसून ते वॉर्डात फेरी मारावी तसे रजिस्टर चाळत.

याशिवाय कर्म लागणारी आणि न लागणारी हा भेद होताच. कर्ता अज्ञात ठेवणारीही एक सोय होती. ती वाचून त्यांना घरच्यासारखं वाटलं, कारण वस्तुसंग्रहालयात एकतीस वर्षांत नऊ वस्तू फुटल्या होत्या आणि नऊही वेळा 'वस्तू भंग पावल्याचे आढळून आले' अशीच नोंद झाली होती. शेवटी एक लहानसा गट होता, थिजलेल्या क्रियापदांचा. ही इतरांसारखी सगळ्या काळांत फिरत नाहीत, आहेत त्याच रूपात बसून राहतात. या गटाबद्दल त्यांना का कोण जाणे फार जवळीक वाटली.

बायकोकडे रजिस्टर नव्हतं. तिला फक्त आज्ञार्थ येत होता, ज्याची तिला घरात सवय होती. ये, बघ, दे, खा, झोप अशी नऊ क्रियापदं तिनं नातीकडूनच उचलली होती, आणि त्यांच्या बळावर ती तासभर गप्पा मारत असे. ती पडद्यासमोर चमचा धरून "खा" म्हणे, नात तोंड उघडे, मग दोघी हसत. चिठ्ठीसाहेबांच्या मते यातली पाच क्रियापदं पुरुषाला सांगायच्या रूपात होती. त्यांनी तसं दोनदा निदर्शनास आणून दिलं. बायको म्हणाली की नात काही रागावली नाही.

याच सुमारास नात त्यांना एक प्रश्न विचारू लागली. आजीशी खेळून झालं की ती पडद्याजवळ तोंड आणे आणि चिठ्ठीसाहेबांना तेच दोन शब्द विचारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्यातलं क्रियापद कानानं अचूक टिपलं आणि मोठ्या आनंदानं नोंदवलं: चालू अथवा भविष्य, द्वितीय पुरुष, एकवचन, पुल्लिंगी, मधलं अक्षर आजारी. अर्थाच्या रकान्यात 'यथावकाश' लिहिलं. सुनेला अर्थ विचारता आला असता, पण ते कॉपी केल्यासारखं झालं असतं. नोंद होईपर्यंत नात उत्तराची वाट बघे, मग आईकडे बघे, मग फोन बंद होई. दुसऱ्या आठवड्यात तीच नोंद पुन्हा केली आणि पुढे 'वरीलप्रमाणे' असा शेरा मारला. असे एकूण अकरा 'वरीलप्रमाणे' जमले.

मध्ये एकदा नातीनं एक निळी छोटी खुर्ची ओढत आणून पडद्याला दाखवली. खुर्चीच्या पाठीला कागदाची चिठ्ठी डकवली होती. आजोबा चिठ्ठ्या लावतात हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. वेड्यावाकड्या अक्षरांत तिनं त्यावर अरबीत 'आजोबा' असं लिहिलं होतं. चिठ्ठीसाहेबांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. लिपी त्यांनी पहिल्या महिन्यातच आटोक्यात आणली होती. पण ते नाम निघालं. नामांचं रजिस्टर पुढच्या वर्षी सुरू व्हायचं असल्यामुळे त्याची नोंद होऊ शकली नाही.

तेराव्या आठवड्यात नातीनं प्रश्न विचारला नाही. चिठ्ठीसाहेब पेन उघडून बसले होते. ती आजीशी खेळली, हात हलवला आणि गेली. मागे निळ्या खुर्चीवर एक कापडी ससा बसला होता. चिठ्ठी त्याच्या पाठीमागे गेली होती.

चिठ्ठीसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग रजिस्टरकडे बघत म्हणाले, आज नोंद करण्यासारखं काही झालं नाही.

"कधी येणार, म्हणून विचारायची ती तुम्हाला," बायको म्हणाली. "बारा आठवडे. मी पहिल्याच दिवशी सुनेला विचारून घेतलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लिहीत होतात."

पुढचे सहा दिवस चिठ्ठीसाहेबांनी 'येईन' शोधण्यात घालवले. रूप सापडलं. त्याचा प्रकार, साचा, आजार, सगळं तोंडपाठ झालं. साडेदहाला पडदा उजळला, नात समोर आली, आणि शेवटच्या गटातल्या क्रियापदांसारखेच ते जिथल्या तिथे थिजले. सवयीनं हात रजिस्टरकडे गेला. ते जागेवर नव्हतं. फोन नीट उभा राहावा म्हणून बायकोनं त्याच्याखाली घातलं होतं. भाषेच्या कामी त्याचा हा पहिलाच उपयोग.

"मराठीत म्हणा," बायको हळूच म्हणाली. "पण म्हणा."

"येणार," चिठ्ठीसाहेब म्हणाले. आवाज फाटला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "मी येणार. पुढच्या महिन्यात."

नातीनं आईकडे बघितलं. आईनं दोन शब्दांत सांगितलं. नात उठली. तिनं सशाला कानाला धरून खुर्चीवरून उचललं आणि जमिनीवर बसवलं. चिठ्ठीसाहेबांना रडू आलं, आणि त्याची कुठेही नोंद झाली नाही.

राहता राहिले वाचक. अरबी क्रियापदांचे बहुतेक महत्त्वाचे प्रकार वर येऊन गेले आहेत: काळाचे, साच्याचे, निरोगी, आजारी, पोकळ, अज्ञात कर्त्याचे आणि थिजलेले. उद्या चारचौघांत तुम्ही ते ऐटीत सांगू शकाल, आणि सांगालही. फक्त जाता जाता एवढं निदर्शनास आणावंसं वाटतं की या संपूर्ण मजकुरात एकही अरबी क्रियापद आलेलं नाही, आणि तुमचं त्यावाचून काही अडलंही नाही. चिठ्ठीसमोर अकरा सेकंद पुरे झाले असतील, तर पुढचं कपाट डाव्या हाताला आहे.