सत्यवतीची पाटी उचलण्याबाबत

साथ देवाच्या हाती असते, पण निर्बंध माणसाच्या हाती असतात. आणि जे माणसाच्या हाती असतं त्यावर सभा घ्यावी लागते. एक्याऐंशी सालच्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ सगळीकडेच आली. रत्नागिरीत आली, खेडला आली, देवरूखला आली, आणि तिथल्या लोकांनी डोळ्यांत थेंब घालून ती घालवली. आमच्या करंजवेळेत मात्र ती लोकशाही मार्गाने हाताळण्यात आली. त्या कामी नेमलेल्या समितीचा मी मानद चिटणीस. (गावातली शाळा आणि टपाल ही दोन्ही कामं मीच बघतो, त्यामुळे ज्यात काही मिळत नाही अशी कामं आपोआप माझ्याकडे येतात.) झाली हकिकत लिहून ठेवणं मी माझं कर्तव्य समजतो.

करंजवेळ हे रत्नागिरीहून पावसच्या वाटेवरचं बंदर. वरच्या अंगाला आंब्याच्या बागा आणि शेतकऱ्यांची घरं, खालच्या अंगाला होड्या आणि मासेमारांची घरं, मधे एस.टी.चा थांबा. थांब्याला लागून जांभ्या दगडाचे सात चिरे ओळीने मांडलेले आहेत. तो आमचा मासळीबाजार. एकेका चिऱ्यावर एकेक बाई मासळीची पाटी घेऊन बसते. पहिला चिरा सगळ्यांत मोक्याचा, कारण एस.टी.तून उतरणाऱ्याचा पाय त्याच्यासमोरच पडतो. सातवा गटारापाशी आहे. कुठला चिरा कुणाचा, याचा कागद नाही. नियम एकच: सलग तीन दिवस जिची पाटी चिऱ्यावर दिसली नाही तिचा चिरा गेला. बाई आजारी पडली तर पहाटे येऊन आपली रिकामी पाटी चिऱ्यावर पालथी घालून जाते. पालथी पाटी म्हणजे बाई हजर. हा नियम सर्वांना मान्य आहे आणि कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो आजवर टिकला.

श्रावणात पहिल्यांदा चौदा जणांचे डोळे आले, तेव्हा समितीने चार निर्बंध घातले. डोळे आलेल्याने चार दिवस घरी बसावं. टॉवेल ज्याचा त्याने वापरावा. भजनाला गर्दी करू नये. आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येकाने काळा चष्मा घालावा. हा चौथा निर्बंध सरपंच आप्पांनी सुचवला. डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, हे आप्पांना लहानपणापासून ठाऊक होतं. (आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं, पण डॉक्टर वयाने लहान होते.)

गावात माणसं साडेसहाशे आणि काळे चष्मे अकरा. त्यातून वशिला, पक्षपात असले आरोप होऊ नयेत म्हणून अकराही चष्मे बाजाराच्या तोंडाशी एका टोपलीत ठेवण्यात आले. येणाऱ्याने टोपलीतला चष्मा घ्यावा, घालून बाजार करावा आणि जाताना परत ठेवावा, म्हणजे पुढच्याचा खोळंबा होत नाही. दहा दिवसांत चौदाचे ब्याण्णव झाले. चष्मे कमी पडल्यामुळे असं झालं, याबद्दल समितीत दुमत नव्हतं.

पुढे गणपती आले. गणपतीत साथ कशी असेल, या विचाराने निर्बंध उठवण्यात आले. मुंबईहून चाकरमानी आले. भजनाची मंडळी रोज संध्याकाळी चाळीस घरच्या आरत्या करत फिरली, आणि बुवांच्या खांद्यावरचा एकच टॉवेल चाळीस घरचा घाम पुसत फिरला. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजेरी घेतली, तर अठ्ठावीस मुलांपैकी एकोणीस गैरहजर आणि उरलेली नऊ मला ओळखू येत नव्हती, इतके त्यांचे डोळे सुजलेले. निर्बंध पुन्हा घालायचे की नाही, या प्रश्नावर गाव त्याच दिवशी दुभंगलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. श्रावण लागल्यापासून वरच्या अंगाच्या लोकांच्या तोंडाला मासळी लागलेली नव्हती. चाकरमान्यांची रजा तीन दिवसांची उरली होती. म्हणजे वर्षातली सर्वांत जास्त मासळी याच तीन दिवसांत खपणार. आणि मासळी ताजी की शिळी हे गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं. कल्ला लालभडक असला तर आजची, फिका पडला तर कालची. काळ्या चष्म्यातून मात्र सगळेच कल्ले सारखे दिसतात. त्यामुळे सार्वजनिक आरोग्याची तळमळ मासळीबाजारात एकाएकी फार वाढली. सातांपैकी सहा जणी चष्म्याच्या बाजूने बोलू लागल्या. गिऱ्हाइकांना मात्र व्यक्तिस्वातंत्र्य आठवलं. हा शब्द गावात त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आला; तो आत्माराम नावाच्या चाकरमान्याने मुंबईहून आणला होता.

सातवी सत्यवती. पहिल्या चिऱ्यावरची. तो चिरा तिला सासूकडून मिळालेला, आणि सासूला तिच्या सासूकडून. तिचं म्हणणं, "चस्मा काडा नि कल्ला उगडून बगा, मना काय भ्या नाय." असं बोलणारी बाई बाजाराच्या एकीला बाधक असते. नेमके सभेच्या दिवशी पहाटे तिचे डोळे आले. निर्बंध तेव्हा कुठलाच नव्हता, तरी ती आपणहून घरी राहिली. चिऱ्यावर पाटी पालथी घालून गेली. नवरा दत्ताराम होडीवर, चार दिवस तरी परतायचा नव्हता.

सभा शाळेच्या पडवीत भरली. हजर एकशे बारा. पैकी डोळे आलेले अडतीस, अध्यक्ष आप्पा धरून. (माझे डोळेही थोडे लाल होते, पण ते जुनी इतिवृत्तं वाचून.) प्रारंभी डॉक्टर बोलले. हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, डोळे आले असतील तर चार दिवस घरी बसा. याला दीड मिनिट लागलं. एवढ्या थोड्या वेळात सांगता येणारी गोष्ट महत्त्वाची असेल असं कोणालाच वाटलं नाही, आणि इतिवृत्तात "डॉक्टरही बोलले" अशी नोंद घेऊन सभा मुख्य विषयाकडे वळली.

पहिली सूचना चाकरमान्यांचे पत्त्यांचे अड्डे बंद करण्याची होती. आत्माराम उठला. त्याचा चष्मा स्वतःचा होता, मुंबईचा. तो म्हणाला, "वर्षातनं एकदा येतो आम्ही. मुंबईला काय साथ नाही? तिथं आम्ही कोणाला विचारतो?" या मुद्द्याचा अर्थ कोणाला लागला नाही, त्यामुळे कोणाला तो खोडता आला नाही. सूचना फेटाळली गेली. मग बाबल्या न्हाव्याने प्रत्येक दाढीला वेगळा टॉवेल घ्यावा असं निघालं. बाबल्या म्हणाला, "घेईन की. पण मग एका दिवसात चारच दाढ्या होतील. कोणत्या चार, ते सभेनं ठरवावं." सभेने हनुवटीवरून हात फिरवला आणि विषय सोडून दिला. भजनावर बंदी घालायला भजनी मंडळाचा विरोध, शाळा बंद ठेवायला आयांचा विरोध. (मुलांचा पाठिंबा होता, पण मुलांना मत नाही.) चष्म्याच्या प्रश्नावर विक्रेत्या आणि गिऱ्हाइकं यांच्यात दीड तास वाद होऊन सगळे घरी जेवून आले आणि पुन्हा भांडायला बसले. विसर्जनाच्या मिरवणुकीवर बंदी घालण्याची सूचना एकमताने मंजूर होत होती, इतक्यात विसर्जन होऊन गेल्याचं मी लक्षात आणून दिलं. त्यानंतर बराच वेळ माझ्याशी कोणी बोललं नाही.

चार वाजता मोठाच पेच उभा राहिला. तालुक्याला पाठवायच्या तक्त्यात "घातलेले निर्बंध" असा एक रकाना होता. तो कोरा पाठवला असता तर करंजवेळेत साथीबद्दल कोणी गंभीर नाही असं दिसलं असतं. आप्पा हवालदिल झाले. म्हणाले, "अरे, एक तरी निर्बंध असा सांगा की ज्याचा कोणाला त्रास नाही."

तेव्हा दुसऱ्या चिऱ्यावरची कमळा उभी राहिली. "त्या सत्यवतीच्या पाटीचं काय?" ती म्हणाली. "तिचं डोळं आल्यात नि पाटी तिच्या हातची. सकालपासनं माज्या बाजूला बसलेय ती."

सभेवर प्रकाश पडल्यासारखं झालं. विचार सरळ होता. डोळे आलेल्याने घरी बसायचं. पाटी पालथी असेल तर बाई हजर असते. बाई हजर असेल तर डोळे आलेली व्यक्ती बाजारात आहे. म्हणून पाटीने घरी बसलं पाहिजे. ठरावाच्या बाजूने एकशे बारा हात वर झाले. विरुद्ध एकही नाही. गावच्या इतिहासात असं एकमत कधी झालेलं नव्हतं. गणपतीची वर्गणी ठरवतानासुद्धा नाही. अगदी डॉक्टरांचाही हात वर होता. (नंतर ते म्हणाले, आपल्याला चहा हवा का असं विचारताहेत असं वाटलं.)

बातमी खालच्या अंगाला पोचायला वेळ लागला नाही. सत्यवती आली. पडवीत चढली नाही. शाळेच्या दगडी गडग्याबाहेर दहा हात लांब उभी राहिली, डोळ्यांवर पदर धरून.

"मास्तर," ती म्हणाली, "माजं डोळं आल्यात. पाटीचं नाय."

आप्पा समजुतीने म्हणाले, "अगो बाय, पण पाटी तुझीच ना?"

"माजीच. म्हनून तर ठेवलंय. कोनी सांगितलं नव्हतं तरी मी आपनहून घरात ऱ्हायलंय, दुसऱ्याला नको म्हनून. तीन दिस पाटी नसली तर माजा चिरा जाईल, ह्या काय तुमाला म्हाईत नाय?"

हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं आणि आप्पांनी तक्त्याकडे. शेवटी आत्माराम म्हणाला, "आधी घरी जा. साथीत फिरतेस आणि वर भांडतेस?"

"आनि तुज्या चस्म्याच्या मागं काय हाय, ता बगू?"

आत्मारामने चष्मा काढला नाही. खालून गालावर पाणी ओघळलं ते त्याने रुमालाने टिपलं, आणि रुमाल शेजाऱ्याने मागितला म्हणून त्याला दिला.

प्रसंग हाताबाहेर जाऊ नये म्हणून मी तिला नियम समजावून सांगितला. हरकत घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण हरकत सभेत हजर राहून घ्यावी लागते. डोळे आलेल्याला सभेत हजर राहता येत नाही. चार दिवसांनी ती बरी होऊन हजर राहील, तेव्हा ती आजारी नसेल, आणि आजारी बाईच्या पाटीविषयी बोलण्याचा तिला काही संबंध उरणार नाही. हे मी फार सोपं करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले. (डोळे आले की पाणी येतंच, त्यावरून काही अनुमान काढू नये.) मग ती उतारावरून एकटीच खाली गेली. मला फार वाईट वाटलं. तसं मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही, कारण तो विषय पत्रिकेवर नव्हता.

दोघा जणांनी नाकाला फडकं बांधून, काठीला अडकवून पाटी उचलली आणि तिच्या दारात नेऊन ठेवली. पाटीविना तिसरा दिवस मावळला. चौथ्या दिवशी पहाटे कमळा पहिल्या चिऱ्यावर बसली, तिसरी दुसऱ्यावर, आणि अशा सहाही जणी एकेक चिरा पुढे सरकल्या. सकाळी सत्यवती आली. डोळे स्वच्छ, पाटीत पहाटेची मासळी. गटारापाशी सातवा चिरा तेवढा रिकामा होता. तिने पाटी डोक्यावरून उतरवली नाही. सहाही जणींना तिच्याबद्दल वाईट वाटलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. गिऱ्हाइकांनी पहिल्या चिऱ्यावर कल्ले उघडून बघितले, घासाघीस केली आणि मासळी घेतली.

ठरावानंतर आठ दिवसांत रुग्णांची संख्या दोनशे चाळीसवर गेली आणि मग झपाट्याने उतरली, कारण डोळे यायचे राहिलेले फारसे कोणी उरले नव्हते. तक्त्यात मी "निर्बंध: एक. परिणाम: समाधानकारक" असं लिहिलं. सत्यवती सातव्या चिऱ्यावर काही बसली नाही. ती आता डोक्यावर पाटी घेऊन वरच्या अंगाला दारोदार फिरते, कधी पावसपर्यंत चालत जाते. दत्ताराम परतल्यावर एकदा माझ्याकडे येऊन गेला. चिरा परत मिळायला काय करावं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सहा जणींनी एकेक चिरा मागं सरकायचं मनावर घेतलं की झालं. तो एक टपाल तिकीट घेऊन गेला.

तरी समितीने प्रश्न बंद केलेला नाही. झाल्या गोष्टीबद्दल लोकमत मागवणारी सूचना मी टपाल कार्यालयाबाहेर लावली आणि मुंबईच्या मंडळालाही पाठवली. आजपर्यंत एकेचाळीस पत्रं आली. सगळी कळकळीने लिहिलेली आहेत. सत्यवतीवर अन्याय झाला, असं एकूणएक पत्रात म्हटलं आहे, आणि "मी त्या सभेला असतो तर एकटा असलो तरी विरोधात हात वर केला असता," असंही एकूणएक पत्रात आहे. मी हजेरीपट ताडून बघितला. एकेचाळीसपैकी एकोणतीस जण सभेला होते.

ही हकिकत वाचून आपणही पत्र लिहाल, याची मला खात्री आहे. बेचाळिसाव्या पत्राची पोच मी आधीच लिहून ठेवली आहे. फक्त आपलं नाव घालायचं बाकी आहे.