सोबतीचा विषय निकाली

"बोलत बसू नका, 'सहवास'वर टाका."

साहेबांचं हे आमच्या कचेरीतलं शेवटचं तोंडी वाक्य. माणसं समोरासमोर आली की वेळ जातो, हे आता सर्वमान्य आहे. म्हणूनच 'सहवास' नावाची निरोपांची प्रणाली आली, आणि तोंडाचं काम डब्यापुरतं उरलं.

माझी तर सोयच झाली. मी रोज दुपारपर्यंत मौन पाळते. पूर्वी ते फार जड जायचं. खुणा कराव्या लागत. (एकदा मी 'खिडकी लावा' अशी खूण केली, तर तिघेजण मुकाट्याने बाहेर निघून गेले.) आता मी सकाळच्या वेळात ढीगभर निरोप लिहिते, एखाद्याशी कडाकडा भांडते, जमलंच तर एखादी चुगलीही करते, आणि मौनाला धक्का लागत नाही. संकल्प सोडताना बोटांचा उल्लेख केला नव्हता, याची मी खात्री करून घेतली आहे.

प्रणालीत हजेरी ठिपक्यावरून ठरते. हिरवा म्हणजे माणूस आहे, राखाडी म्हणजे नाही. आमचे नकाशेकाका माझ्या शेजारच्याच टेबलावर इमारतींचे नकाशे काढतात. कोपराला कोपर लागतं. एकदा ते माझ्याकडे टाचणी मागत होते. पण त्यांचा ठिपका राखाडी असल्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

दुसरा नियम अंगठ्यांचा. ज्या निरोपाला पाच अंगठे मिळतात तो विषय आपोआप निकाली निघतो. गेल्या महिन्यात आम्ही चौऱ्याण्णव टक्के विषय निकाली काढले. (उरलेल्यांत छताचा पंखा आहे. त्याला बावीस अंगठे देऊनही तो फिरत नाही, म्हणून तो 'विशेष' या सदरात ठेवला आहे.)

तर काल नकाशेकाकांनी टाकलं: "उद्या सकाळी डोळ्याचं ऑपरेशन. सोबत माणूस नसेल तर टेबलावर घेत नाहीत, मागच्या खेपेला परत पाठवलं. लेक दूरदेशी आहे. आता उशीर केला तर हा डोळा जाईल म्हणतात. कुणी येऊ शकेल का?"

कचेरी हेलावली. चहा निवायच्या आत अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी नाचणारा ससा टाकला (मागाहून तो चुकून पडल्याचा खुलासा आला). मलाही फार वाटलं. अशा वेळी प्रणाली तयार उत्तरं सुचवते. 'शुभेच्छा!' आणि 'काळजी घ्या!' इतरांनी आधीच पळवली होती. उरलं होतं 'मी आहे ना!' मी तेच दाबलं.

काकांनी हात जोडले. विषय निकाली निघाला. साहेबांनी मला 'संघभावना' हे पदक पाठवलं. ते पडद्यावरचं असल्यामुळे देवापुढे ठेवता आलं नाही, याची रुखरुख मात्र लागली.

आज कामावर येऊन मी काकांचा ठिपका पाहिला. हिरवागार. म्हणजे ठीकच असणार. मी एक फूल पाठवून माझ्या कामाला लागले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चक्क वाजला! सगळ्यांनी दचकून वर पाहिलं.

"ताई, निघालात ना?" काका होते. "सिस्टरबाई दोनदा विचारून गेल्या. म्हटलं, आमच्या ताई शब्दाच्या पक्क्या आहेत, येतीलच. अकरापर्यंत थांबतो म्हणालेत डॉक्टर... हॅलो? ताई?"

मी सवयीने फोनलाच खूण केली.

"अरे हो, तुमचं मौन असेल नाही का! विसरलोच बघा. असू दे, असू दे. बोलायचं काही नाहीये हो. नुसतं बाकावर बसायचंय."

"आलेच," मी म्हणाले.

कचेरीतल्या सगळ्या माना वळल्या. काहींना माझा आवाज घोगरा आहे हे तेव्हाच कळलं.

बाहेर जायचं तर नियमानुसार 'सहवास'वर टाकणं भाग होतं. टाकलं: "काकांसोबत दवाखान्यात जात आहे." क्षणात अंगठे. टाळ्या. "ताई, ग्रेट आहात!" "माणुसकी अजून शिल्लक आहे!" मी खुर्चीतून उठायच्या आत विषय निकाली निघाला. इतकं छान वाटलं, की मी पुन्हा नीट टेकून बसले. दोन उत्तरांना हृदयंसुद्धा दिली. काम झाल्यासारखंच वाटत होतं. घड्याळाकडे नजर गेली नसती, तर मी तिथेच धन्य होऊन बसून राहिले असते.

पर्स उचलली, खुर्ची आवाज न करता आत सरकवली. आता जिन्यापाशी आले आहे. दवाखाना दोन चौक पुढे आहे, चालत गेले तरी अकराच्या आत पोचेन.

इथवर वाचून तुम्हालाही बरं वाटलं असेल. कुणीतरी निघालं म्हटलं की वाटतंच. अंगठाही उचलला असेल तुम्ही. फक्त, गेल्या आठवड्यात ज्याला तो दाखवलात, त्याच्याकडे कोण निघालंय, तेवढं जरा बघा. मी उतरते.