मोकळ्या टोकांची गाठ

शेंडगे आमच्याकडे यायचे म्हटलं की आमची ही आधी मागल्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडून माळ्यावर टाकायची. मग विहिरीचा दोर आत घ्यायची. मग माझ्या लेंग्यांच्या नाड्या. एवढं झालं की चहाचं आधण चढायचं. नवखा माणूस विचारायचा, येणारे पाहुणे चोर आहेत का? अहो, चोर परवडला. चोर दोरी घेऊन जातो आणि प्रकरण संपतं. शेंडगे दोरी जागच्या जागी ठेवायचे, पण अशी करून ठेवायचे की तिला ना सुरुवात राहायची, ना शेवट.

म्हणजे व्हायचं असं, की दोरी हाती लागली की बोलता बोलता ते तिला चार वेढे द्यायचे, वरून खालून ओवायचे आणि शेवटी दोन्ही टोकांचे पीळ उकलून एकमेकांत असे गुंफायचे की सांधा शोधून सापडू नये. जन्म धनगराच्या घरातला, लोकरीला आणि दोराला हात बसलेला. एकदा सकाळी मी फिरायला निघालो आणि लेंगा चढवला, तर नाडीला टोकंच नाहीत. एका हातानं लेंगा धरून मी कात्री शोधली आणि नाडी कापली. संध्याकाळी त्यांना हे कळलं, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "कापलीत? पंत, गाठ कापायची नसते. ओळखायची असते."

हे गृहस्थ सांगलीला आमच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. लढाईचे दिवस. मी तिथंच मराठी शिकवायचो, म्हणजे कॉलेजच्या हिशेबी निरुपयोगीच. पण माझ्याहून निरुपयोगी म्हणून मी कुणाकडे बोट दाखवू शकत असेन, तर ते शेंडग्यांकडे.

गणित विभाग म्हणजे एक खोली, एक फळा आणि दोन माणसं. सहस्रबुद्धे विभागप्रमुख. त्यांचं गणित उपयोजित. कालव्याचं पाणी कसं धावेल, तोफेचा गोळा कुठं पडेल, असलं. शेंडग्यांचं गणित शुद्ध. फळ्याच्या मधोमध खडूची एक उभी रेघ होती. डावीकडे शुद्ध, उजवीकडे उपयोजित, आणि कुणाचा एक आकडाही रेघ ओलांडायचा नाही. सहस्रबुद्ध्यांचा एखादा तोफगोळा रेघेपाशी आला, तर बिचारे त्याला तिथंच पाडायचे.

गाठींचंही गणित असतं, हे मला शेंडग्यांकडूनच कळलं. ते म्हणत, दोरीची टोकं मोकळी असतील तर ती गाठच नव्हे, नुसता गुंता. आज ना उद्या तो सुटतोच. टोकं जोडली की खरी गाठ. मग ती ओढा, ताणा, पिळा, न कापता सुटेल की नाही हे आधीच ठरलेलं असतं. गाठ कितीही वेडीवाकडी केली तरी तिची एक खूण बदलत नाही. ती खूण हुडकायची, हे त्यांचं संशोधन. त्यांचा एक निबंध विलायतेला गेला होता. वाटेत बोट बुडाली नसेल तर छापून येईल, असं ते अगदी शांतपणे सांगायचे.

लढाईला प्रत्येक विभागाचा काय हातभार लागेल, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी एकदा सगळ्यांना बोलावून विचारलं. सहस्रबुद्ध्यांनी तोफगोळ्यांवर अर्धा तास घेतला. मग शेंडगे उठले. म्हणाले, "साहेब, माझ्या कामाचा कुणालाही काही उपयोग नाही. तसा संशयसुद्धा कुणी घेऊ नये." आणि मेडल मिळाल्यासारखे खाली बसले.

सहस्रबुद्ध्यांच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. भटजींनी नवरानवरीच्या उपरण्या-शालूची गाठ मारली. शेंडगे पहिल्या रांगेत. पाहून त्यांना राहवेना. शेजारच्या बाईंना गंभीरपणे म्हणाले, ही काही गाठ नव्हे, टोकं मोकळी आहेत, सुटणार. शेजारच्या बाई नवऱ्यामुलाची आत्या निघाल्या. पंगत बसायला उशीर झाला तो मिठाई कमी पडली म्हणून नव्हे.

पण खरी मजा त्यांच्या डॉक्टरकीनं केली. दारावर पाटी होती, 'डॉ. शेंडगे'. कॉलेजच्या शिपायानं बाजारात कुणाला तरी सांगितलं, आमच्याकडचे डॉक्टर गाठीचं बघतात. झालं. पुढच्या बाजारच्या दिवशी जतकडचा एक शेतकरी बैल घेऊन फाटकाशी हजर. बैलाच्या मानेला जुवाखाली ही एवढी गाठ. शेंडग्यांनी तास सोडून खाली येऊन ती नीट चाचपली, बैलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आणि सांगितलं की ही माझ्या विषयातली नाही, हिला जोडायला टोकंच नाहीत. शेतकऱ्यानं विचारलं, टोक न्हाई म्हंजे बरंच की? शेंडग्यांनी विचार करून सांगितलं, हो, बरंच म्हणायचं. तो समाधानानं गेला. बैलाची गाठ आपोआप बसली आणि शेतकरी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं पाठीवर घेऊन परत आला.

सहस्रबुद्ध्यांनी शेंगा खाल्ल्या आणि तेव्हापासून ते शेंडग्यांना 'आमचे उपयोजित' म्हणू लागले. आईवरून शिवी दिली असती तरी शेंडगे एवढे दुखावले नसते. कित्येक दिवस ते माझ्याकडे आले नाहीत, आणि आमची दोरी अंगणातच राहिली.

लढाई संपली त्या दिवाळीत मात्र ते भल्या सकाळी दारात उभे. चहा नको म्हणाले. गावी जायचंय, सोबत याल का, एवढंच विचारलं. या माणसानं कधी कुणाकडे खडूसुद्धा मागितला नव्हता. मी पिशवी भरली.

लोणंदपर्यंतच्या गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. बिरूदादा त्यांचा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यानं मेंढरं राखली आणि यांना शाळेत घातलं. पुढं तो फौजेत गेला. सिंगापूर पडलं आणि त्यानंतर त्याचा पत्ता नाही. सरकारचा कागद आला, त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द. आता लढाई संपली, आसपासच्या गावांतली पोरं घरी आली, बिरू आला नाही. चुलत्यांनी ठरवलं की त्याचे दिवस घालायचे आणि वहिनीच्या बांगड्या फोडायच्या. वहिनी म्हणाली, भावजी येऊन सांगतील तेव्हा फोडा, आधी न्हाई. "सगळं माझ्या शब्दावर आलंय, पंत," शेंडगे म्हणाले, "आणि मला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही." समोरच्या बाईच्या गाठोड्याचा दोर त्यांच्या गुडघ्यावर लोंबत होता. त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

गाव उघड्या माळावर. दारात घोंगडी अंथरून चुलते आणि चार जाणती माणसं बसली होती. मला सांगलीचं सायेब म्हणून मधे बसवलं. पाणी झालं, आणि चुलत्यांनी विषय काढला. शेंडग्यांना घरी सगळे बाळू म्हणत.

"बाळू, तू लय शिकलास. कागद वाचलास. आता तूच सांग, बिरू हाय का न्हाई?"

शेंडगे म्हणाले, कागदावरून तसं ठरत नाही. मग हाय म्हन, असं चुलते म्हणाले. तेही ठरत नाही, असं शेंडग्यांनी सांगितलं. चुलते माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार, कपाळ? 'बहुधा' हा शब्द वर्गात कुणी उच्चारला तर त्याला उभं करणारा माणूस हा. तो हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही, आणि त्याच्या त्या खरेपणापायी आत त्या बाईच्या हातातल्या बांगड्या जातील, हे मला दिसायला लागलं.

तेवढ्यात वहिनी स्वतःच उंबऱ्यात आली. डोक्यावर पदर, मनगटभर हिरव्या बांगड्या. चार माणसांपुढं ती कधी बोललेली नसावी, कारण सगळ्यांनीच माना वळवल्या.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी सांगलीत गाठीचंच शिकवताय न्हवं? म्या आल्यागेल्याला सांगती, आमचं भावजी गाठीचं लय मोठं मास्तर हायती. कुनाची कुनाशी कवा गाठ पडायची, ते त्यास्नी समदं कळतंय. मंग सांगा की. ह्यांची आन माजी गाठ पडंल का?"

मी मराठीचा मास्तर. शब्दांचे अर्थ फोडून सांगण्यात माझा जन्म गेला. दोरीची गाठ झाली, बैलाची झाली. भेटीची गाठ माझ्या मेल्याच्या ध्यानातच आली नव्हती. इतकी वर्षं ही बाई समजत होती की आपला दीर सांगलीला बसून नवऱ्याच्या भेटीचंच गणित करतोय. आता शेंडगे घसा साफ करणार आणि सांगणार की वहिनी, तो माझा विषय नव्हे, अशी माझी खात्रीच होती. त्यांनी घसा साफ केलाही.

"पडंल," ते म्हणाले.

चुलत्यांनी विचारलं, नक्की का?

"व्हय. पडंल म्हंजे पडंल. बांगड्यांना कुनी हात लावायचा न्हाई."

एवढा शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर बोलणं संपलं. जाणती माणसं उठून गेली. वहिनीनं आम्हाला पिठलं-भाकरी वाढली आणि शेंडग्यांच्या ताटात तूप इतकं ओतलं की ते ताटाबाहेर आलं. ते सगळं जेवले. लोणंदच्या फलाटावर मी त्यांना विचारलं, हे कशावरून सांगितलंत? ते म्हणाले, कशावरूनच नाही.

बिरूदादा आला नाही. पण शेंडगे दर सुटीला गावी जायचे. वहिनी उंबऱ्यात येऊन तेच विचारायची आणि ते तेच सांगायचे. सहस्रबुद्धे निवृत्त झाले, फळा सगळा शेंडग्यांचा झाला, विलायतेतला निबंध छापूनही आला. जाणं काही चुकलं नाही. एकदा ते गावाहून परतल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, शेंडगे, किती वर्षं असं सांगत राहणार तिला? एवढा खोटा धीर बरा नव्हे.

सांगलीत इतकी वर्षं त्यांनी माझ्याशी पुस्तकासारखं मराठी बोलायचा नेम कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.

"तिला सांगताना माज्याबी कानावर पडतंय न्हवं, पंत," ते म्हणाले. "मला दुसरं कोन सांगनार हाय?"