अण्णांचा ट्रॅक्टर आणि माझं आप्पेपात्र

चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि शुद्धलेखन तर विचारूच नका. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून वहीत लिहिते.

आमच्या शेजारचे इरण्णा, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. दुरुस्तीला ट्रॅक्टर उघडायच्या दिवशी ते अंघोळ करून धुतलेला पांढरा सदरा घालतात. ट्रॅक्टर म्हणजे द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून जाणारा लहानगा, वय पंचवीसच्या पुढं. दुपारपर्यंत सदऱ्याचं पोतेरं होतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, जुना घाला की."

"डॉक्टर फाटका कोट घालून पोट फाडतो व्हय?"

त्यांना मिस्त्री चालत नाही. मोहोळहून एकदा एक जण आला होता. त्यानं पहिल्याच बोल्टावर हातोडा उचलला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि हातोड्यासकट स्टँडवर पोचवलं. अण्णांचं एक वाक्य ठरलेलं आहे, "वढायचं न्हाय, बसवायचं." बेअरिंग असो, दाराची कडी असो, नाहीतर रुसलेला जावई असो, सगळ्यांना तेच.

यंदा थंडीत त्या ट्रॅक्टरचा क्लच गेला. क्लचप्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. शेडात डोकावले तर एकाचे खरंच दोन झालेले. इंजिन एकीकडं, मोठी चाकं दुसरीकडं, दोन्ही लाकडी ठोकळ्यांवर. त्यात बाग फुलोऱ्यात आणि आभाळ भरून आलेलं. दोन दिवसांत फवारणी झाली नाही तर घड कुजणार, वर्ष गेलं.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "अण्णा, ते भंगारात घाला. भाड्यानं दुसरा सांगा."

"भाड्याचा रेडा माज्या वळीत मावतो व्हय रं?" म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

त्याच दिवशी सकाळी, ट्रॅक्टर उघडायच्या आधी, त्यांनी माझं आप्पेपात्र मागून नेलं होतं. मला वाटलं, खावंसं वाटलं असेल. अक्का, म्हणजे त्यांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली. करून घालणारं कोण आहे?

दुसऱ्या सकाळी माझी नणंद येणार होती. मी पात्र आणायला गेले. अण्णा क्लचप्लेट आणायला सोलापूरला गेलेले. पात्राच्या कडेच्या एकेका खळीत एकेक बोल्ट. मी सगळे एका डब्यात ओतले, पात्र राखेनं तीनदा घासलं आणि आप्पे केले. नणंदेनं दोन खाल्ले आणि विचारलं, "वैनी, तेल कुठल्या घाण्याचं?"

दुपारी अण्णा दारात उभे. "सुमन, बोल्ट कुटं हायत?"

"डब्यात."

"समदे?"

"समदे की."

अण्णा खालीच बसले. मग हळूहळू सांगितलं. इंजिनाच्या मागं गोलावर नऊ बोल्ट आणि पात्राच्या कडेलाही नऊच खळ्या. ज्या जागेवरचा बोल्ट, त्या जागेच्या खळीत. काही लांब, काही आखूड, काही त्याहून आखूड. लांब बोल्ट उथळ भोकात आवळला तर तिथलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फुटतं. मग ट्रॅक्टर खरंच भंगारात.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जा, केरसुणी आण," ते म्हणाले.

शेडात जाऊन केरसुणीची काडी एकेका भोकात घालायची, नखानं खूण करायची, बोल्टाशी लावून बघायची. नऊ भोकं, नऊ काड्या. एवढं करून निम्मंच काम झालं होतं. जोडायला दोन माणसं लागतात. एकानं पुढून इंजिन सरकवायचं आणि दुसऱ्यानं मागं, जिथं फवारणीचा ब्लोअर जोडतात, तो दांडा केसभर फिरवायचा. तेव्हा आतले दात क्लचप्लेटीत शिरतात. हे अक्का करायची.

"मला नाही जमायचं, अण्णा."

"बोल्ट मिसळायला जमलं की. फिरव."

मी हात लावला.

"देवाला हात लावतीस व्हय? फिरव. थांब! उलटी. आता लई हळू."

बोटभर फट राहिली ती राहिलीच. मी म्हटलं, "बोल्ट आवळूनच जवळ घेऊ की."

अण्णांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी पुन्हा दांडा फिरवला, केसभरच. आत कुठंतरी टक्क झालं आणि फट मिटली.

"बसलं," अण्णा म्हणाले. बोल्ट आपापल्या जागी गेले. दुसऱ्या दिवशी उजाडताच ब्लोअर बागेत शिरला. घड वाचले.

ट्रॅक्टर जोडला त्या दिवशी हात धुवायला साबण घ्यावा म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले होते. चुलीवरच्या भिंतीला अक्काचं आप्पेपात्र टांगलेलं. दोन वर्षांत त्यात कुणी काही केलेलं नाही, पण धुळीचा कण नव्हता. लख्ख.

"अण्णा, घरात हे असताना माझं कशाला नेलं?"

ते बराच वेळ हाताला साबण लावत राहिले. "त्येला आइल लागलं असतं," एवढंच म्हणाले.

माझ्या पात्राचा वास गेला नाही. अण्णांनी त्याची किंमत ठरवली तीनशे. मी नको म्हटलं तर म्हणाले, "तुज्या नणंदंनं गावभर केलंय, आता घ्यायलाच पायजे." द्राक्षं गेली, पैसा हातात आला, तरी ते दर रविवारी वीसच रुपये आणायचे. पायरीवर बसून चहा प्यायचे, काल काय उघडलं, उद्या काय उघडायचं ते सांगायचे आणि जायचे.

परवाच्या रविवारी शेवटची नोट ठेवली. "फिटलं बग. पात्र आता माजं, शेडात टांगतो. मोजून घे."

आधीच्या नोटा मी डब्यात तशाच ठेवल्या होत्या. त्या आणून मोजल्या. अण्णांच्या कपात चहा अजून होता, म्हणून पुन्हा एकदा सावकाश मोजल्या. पुरे तीनशे होते.