बाईंना विचारून सांगतो

वरच्या मजल्यावरची रिकामी जागा हिवाळ्याच्या सुट्टीत पाहुण्यांना भाड्याने द्यायची, ही कल्पना निवृत्त हेडक्लार्कांची. बायकोला ती जागा ड्रम शिकवणाऱ्या मास्तरांना कायमची द्यायची होती. सकाळ-संध्याकाळ आपल्या डोक्यावर कुणीतरी ढमढम करणार, या विचारानेच हेडक्लार्कांना धडकी भरली होती.

"बघा एकदा करून," बायको म्हणाली. "पण पहिल्याच पाहुण्यांनी पाचपैकी पाच तारे दिले नाहीत, तर मास्तर येणार. मग कुरकुर चालणार नाही." मोबाइलवरच्या जाहिरातीत तिने मालकीण म्हणून हौसेने स्वतःचं नाव घातलं आणि आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघून गेली.

पाहुणे आले. एक गोलमटोल गृहस्थ, त्यांची बायको, दोन मुलं आणि स्वेटरात गुरफटलेल्या आजी.

"तुम्ही मालक का?" गृहस्थांनी विचारलं.

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण ऑफिसात बत्तीस वर्षं हेडक्लार्कांनी प्रत्येक मागणी 'साहेबांना विचारावं लागेल' म्हणून परतवली होती. नकार साहेबांचा, आपण भले. सवय जाते कुठे?

"छे हो, मी नुसता बघतो इथलं. काही लागलं तर मालकीणबाईंना विचारून सांगेन."

तासाभरात मागणी आली. "आजींना थंडी वाजतेय. हीटर मिळेल?"

हेडक्लार्क जिन्यात गेले, बंद फोन कानाला लावून "हो बाई, बरं बाई" म्हणाले. नाही म्हणणार होतेच, पण तारे आठवले. स्वतःच्या खोलीतला हीटर उचलून ते वर गेले. दुसऱ्या दिवशी मुलांसाठी रजया गेल्या. मग आजींच्या कंबरेसाठी गादी. मग जेवणाचं टेबल, खुर्च्यांसकट. आठवड्याच्या शेवटी वरचं घर भरून वाहत होतं आणि खाली हेडक्लार्क वर्तमानपत्रं अंथरून, कानटोपी घालून झोपत होते. बिचाऱ्यांची दया येण्यासारखी अवस्था होती, पण ती त्यांनीच हमाली करून मिळवलेली होती.

निघायच्या दिवशी गृहस्थ किल्ली द्यायला खाली आले. दार उघडंच होतं.

"अहो, तुम्ही असे राहता? बाईंनी एवढंच दिलंय तुम्हाला?"

खरं सांगावं तर आठवडाभराची थाप उघडी पडणार. तारे हातचे जाणार. हेडक्लार्कांनी मान खाली घातली. "बाई स्वभावाने तशा वाईट नाहीत," ते पुटपुटले.

गृहस्थांचे डोळे भरून आले. ते तडक बाजारात गेले आणि एक जाड, नवंकोरं ब्लँकेट आणून त्यांनी हेडक्लार्कांच्या अंगावर पांघरलं. आजींनी डोक्यावरून हात फिरवला. पाच तारे कुठे गेले नाहीत, असं मनाशी म्हणत हेडक्लार्कांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

संध्याकाळी अभिप्राय आला. 'घर झकास. मागाल ते मिळतं. पण मालकीण म्हातार्‍या गड्याला ऐन थंडीत उघड्या फरशीवर झोपवते. अशा बाईला लाज वाटायला हवी. एक तारा, तोही गड्यासाठी.'

हेडक्लार्कांनी तो तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचायला घेतला, तोवर खाली मालकीणबाईंचं जाहीर उत्तर उमटलं होतं. 'वाचून फार वाईट वाटलं. सदर गड्याला आजच कामावरून कमी केलं आहे. यापुढे ही जागा पाहुण्यांना मिळणार नाही.'

पाठोपाठ फोन वाजला.

"मास्तरांशी बोलले मी," बायकोचा आवाज अगदी शांत होता. "एक तारखेला येतायत. त्यांना वर एक कपाट हवंय. आपलं देऊ या का?"

हेडक्लार्कांनी नवं ब्लँकेट घट्ट लपेटून घेतलं. अंगात हुडहुडी होतीच, आता डोकंही चालेना.

"बाईंना विचारून सांगतो," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"विचारा," बायको म्हणाली. "बाईच बोलतायत."