उत्तर द्यायची सक्ती नाही

सोनवणे काका लिफ्टमध्ये भेटले, की नमस्काराच्या आधी संमती मागतात.

"वहिनी, एक प्रश्न विचारू? उत्तर द्यायची सक्ती नाही. मधेच तुमचा मजला आला, तर खुशाल उतरा."

मग प्रश्न येतो. "तुमच्या ऑफिसातल्या बिनलग्नाच्या मुली रविवारी काय करतात?" आता माझं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावरचं, सरकारी. तिथली माणसं सोमवारी काय करतात, हेच मला धड सांगता येत नाही. पण काका मान किंचित कलती करून, माझ्याकडे बघत गप्प उभे राहतात. त्या शांततेला घाबरून माणूस वाटेल ते बोलून जातो. एकदा मी माझ्या नणंदेचं सगळं पुराण सांगून मोकळी झाले, तोवर लिफ्ट वर जाऊन पुन्हा खाली आली होती.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच. समोरच्या विंगमधले, पण प्रश्न विचारायला आमच्या लिफ्टमध्ये येणारे सोनवणे काका केंद्र सरकारातून निवृत्त झालेले बडे अधिकारी. निवृत्तीनंतर माणसं गुडघे बदलून घेतात, चारधाम करतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. काकांनी एम.ए.ला प्रवेश घेतला. विषय: समकालीन चिनी समाज आणि जागतिकीकरण. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं त्यांना प्राध्यापक समजून उठून उभी राहिली. काकांनी जुन्या सवयीने त्यांना "बसा, बसा" केलं आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

तेव्हापासून सोसायटीत काहीही घडो, काकांचं वाक्य ठरलेलं: "चीनमध्ये हे कधीच होऊन गेलं!" आमचा बिहारी गार्ड छठपूजेला गावी निघाला, तर काकांनी त्याला गेटवरच गाठलं. "अरे भाई, चीन में भी नए साल पे सब ऐसे ही गाँव जाते हैं. ट्रेन में पाँव रखने को जगह नहीं होती!" गार्डने अदबीने विचारलं, "साहब, उनका टिकट कन्फर्म हो जाता है?" काका दोन दिवस त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. काकूंनी नवा कुकर आणला, तर काकांनी आधी तो उलटा करून कुठला आहे ते बघितलं. "नाशिकजवळचा निघाला," काकू मला सांगत होत्या, "तोंड एवढंसं झालं ह्यांचं."

हे सगळं हसण्यावारी न्यायचं. पण काकांनी प्रबंधाचा विषय सांगितला, तेव्हा मी हसले नाही. चीनच्या महानगरांत एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुली आणि त्यांचे आईवडील. तिकडे म्हणे आईबाप रविवारी बागेत उघड्या छत्र्या मांडून बसतात आणि छत्रीवर मुलांची माहिती चिकटवतात. शिक्षण, पगार, उंची. "आणि मुलीला कित्येकदा पत्ताही नसतो बरं का," काका म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. मी पुढे काही विचारलं नाही, कारण त्यांच्या मेघनाची हकीकत आख्ख्या सोसायटीला ठाऊक होती.

मेघना नोएडात एका मीडिया कंपनीत आहे. काकांनी एकदा तिला न विचारता पुण्याच्या मंडळींना मुलगी बघायला बोलावलं. ही बिचारी ऑफिसातून दमून आली, तर हॉलमध्ये पोहे आणि अनोळखी माणसं. मंडळी गेल्यावर बापलेकीत कडाक्याचं भांडण झालं. "माझी मुलगी आहे, तिला विचारायचं काय त्यात?" हे काकांचं वाक्य आम्हाला आमच्या विंगमध्ये ऐकू आलं. मेघनाने नोएडातच भाड्याने घर घेतलं. आईला ती मेट्रो स्टेशनवर भेटायची. बापाशी बोलणं बंद. द्वारकेहून नोएडाला मेट्रो थेट जाते, कुठे गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. पण काका गेले नाहीत आणि तीही आली नाही.

प्रबंधात दिल्लीतल्या मुलींवर एक प्रकरण हवं होतं. काकांनी मुलाखती घेतल्या, पण मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "सोनवणेजी, ह्या सगळ्या तुम्हाला अंकल समजून गोड बोलल्यात. खरं एकीनेही सांगितलेलं नाही." काका उतरल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले. बराच वेळ चहा ढवळत बसले.

"वहिनी, मेघना तुमचा फोन उचलते ना? तिला विचाराल? जागा तटस्थ हवी. तुमचा हॉल चालेल."

मी फोन केला. मेघना म्हणाली, "आंटी, बाबा आणि परमिशन मागतायत? चलो, हे तर बघायलाच पाहिजे."

रविवारी दुपारी ती आली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आधीच येऊन बसले होते. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि घसा साफ केला. "आपण कधीही थांबू शकता. आपलं नाव कुठेही येणार नाही."

"नाव तुम्हीच ठेवलंय, बाबा."

"तरीही," काका म्हणाले. मी चहाच्या ट्रेआड तोंड लपवलं.

"घर सोडून एकटं राहायचं ठरवलंत, त्याबद्दल सांगा."

मेघना जी सुरू झाली! त्या संध्याकाळी साधं तोंड धुवायलाही कुणी वेळ दिला नव्हता. लग्नाला तिची ना नव्हतीच, फक्त विचारायला हवं होतं. नोएडात तापाने फणफणली, तेव्हा बाबांचा नंबर काढून बघत बसली होती. "वाटायचं, आज करतील फोन. बिल्कुल नाही केलात तुम्ही."

काकांचं तोंड दोन-तीनदा उघडलं आणि मिटलं. फाइल उघडण्याआधी शेरा मारण्यात ह्या माणसाची अख्खी नोकरी सरली होती. मेघनाच्या बोलण्यात काही चुकीचंही होतं, ते मलाही कळत होतं. पण काका टेबलाची कड धरून ऐकत राहिले. एक अक्षर मधे बोलले नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटला.

शेवटी मेघनाने डोळे पुसले. "बस. एवढंच."

काकांनी हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं.

"जेवलीस का?"

तिने नकारार्थी मान हलवली. समोरच्या विंगच्या बाल्कनीत काकू केव्हापासून उभ्या होत्या. दोघं खाली उतरून तिकडे चालत गेली, काका अर्धं पाऊल मागे.

पुढे प्रबंध सादर झाला. दिल्लीचं प्रकरण फार किरकोळ आहे, असं परीक्षकांनी सुनावलं आणि काकांचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. मला राहवलं नाही. भाजीवाल्याच्या गाडीपाशी ते मेथी निवडून घेत होते, तिथेच मी त्यांना धरलं.

"काका, एवढी सोन्यासारखी मुलाखत तुमच्या हातात होती. ती का नाही घातलीत?"

"कसली मुलाखत?" काका मेथीची जुडी झटकत म्हणाले. "माझी मुलगी मला भेटायला आली होती."